दोन्ही पाय वर

दि. ९ मार्च, रविवार
सकाळी, पहिल्या शिकवणीच्या आधी

चि. धाकट्या,

दादाचे तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

इकडे सारं ठीक. आईचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो आणि तो दुखत नाही असं ती पूर्वीइतक्याच ठामपणे सांगते. तुझ्या वहिनीने खिडक्यांना नवे पडदे शिवले. रंग मला आवडला नाही हे मी बोललो नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. माझी थोरली परीक्षेच्या अभ्यासात बुडाली आहे, म्हणजे समोर पुस्तक उघडं असतं आणि पुस्तकात फोन.

ड्रायव्हिंग स्कूल बरं चाललं आहे. सध्या एक दातांचे डॉक्टर शिकायला येतात. मोठा सज्जन माणूस, पण गिअर बदलताना अजून दाढ उपटल्यासारखा जोर लावतो. जुन्या गाडीचा क्लच बदलून घेतला. माझ्या बाजूचे क्लच आणि ब्रेकही नीट करून घेतले.

आई अधूनमधून विचारते, धाकटा इतक्यात आला नाही तो? मी म्हणतो, ड्यूटी. तिला तेवढा शब्द पुरतो. मला पुरत नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुमच्या पोलीस वसाहतीचा पोस्टमन माझ्याकडेच गाडी शिकला. पाकीट तुझ्या हातातच देईन म्हणाला आहे. गाडी मागे घेताना तो आजही डोळे मिटतो, पण टपालाच्या बाबतीत भरवशाचा आहे.

त्या मंगळवारबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून एवढं लिहिलं. वाचून पाहिलं तर पडद्यांचं आणि क्लचचं सगळं आलं आहे आणि तुझं-माझं काहीच आलेलं नाही. तेव्हा लिहितोच. तुझ्या सहीच्या जबाबाप्रमाणे तू त्या वेळी पुढच्या चौकात होतास. म्हणजे इथे काय घडलं ते तुला ठाऊक नसणार. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

शिट्टीमावशी म्हणून एक बाई माझ्याकडे शिकते. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करते. गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं आणि आता सगळं गाव तिला तेच म्हणतं. बसचा चालक निवृत्त व्हायला आला तेव्हा शाळेनेच तिला विचारलं, बस तुम्हीच का नाही चालवत? आधी लहान गाडीचं लायसन्स काढा, मग मोठ्या गाडीचं. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "मास्तर, आजवर दारात उभी राहून मागे बघत प्रवास केला. आता पुढे बघत करायचाय." मला हे बोलणं फार आवडलं.

पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला एक सवय लावतो. घाबरलेला माणूस ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो. अर्धे अपघात तिथेच होतात. म्हणून, दचकलात की दोन्ही पाय वर घ्यायचे. काहीही दाबायचं नाही. क्लच आणि ब्रेक माझ्या पायाखाली आहेत, गाडी मी सांभाळतो. हे मी इतकं घोटून घेतो, की मागून कुणी भोंगा वाजवला तरी शिकणाऱ्याचे पाय आपोआप उचलले जातात. चार लोक हसतात. हसू देत. माझ्या गाडीखाली आजवर कोंबडीसुद्धा आलेली नाही.

दुसरा धडा पोलिसांनी हात दाखवल्यावर काय करायचं याचा. पळायचं नाही, वाद घालायचा नाही. गाडी कडेला घ्यायची, न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं, हात दिसतील असे ठेवायचे. कागद मागितले तर दाखवायचे. ते ठेवून घेणार असतील तर पावती मागायची. अंगाला हात लावायचा त्यांना अधिकार नाही. आणि शर्टावर नावाची पट्टी दिसली नाही तर नाव विचारायचं, सभ्यपणे, साहेब म्हणून. हा धडा मी कुणाकडून शिकलो ते तुला सांगायला नको. प्रशिक्षण संपवून आलास तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसून तू आईला हेच सगळं समजावून सांगत होतास, आणि ती म्हणत होती, "मला कशाला सांगतोस रे, मी कुठे ट्रक चालवते?" मी दारात उभा राहून ऐकत होतो. दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागलो.

तर त्या मंगळवारी बाजाराच्या वळणापुढे एका साहेबांनी आम्हाला हात दाखवला. त्यांच्याबरोबर हेल्मेट घातलेला एक शिपाई होता. साहेबांनी आपली मोटारसायकल आमच्या गाडीपुढे आडवी लावली. मावशीने दिवा देऊन गाडी अगदी रेषेत कडेला घेतली. मला मनातून अभिमान वाटला. ती गिअरकडे हात नेणार तोच साहेब ओरडले, "ए, हात वर! हात स्टिअरिंगवर! हलायचं नाही!" तिने हात जागच्या जागी ठेवले. गाडी चालूच, पहिल्या गिअरमध्ये, तिचे पाय क्लचवर आणि ब्रेकवर. मी म्हटलं, "साहेब, एवढी न्यूट्रल करून बंद करू द्या."

"तुला विचारलंय?" साहेब म्हणाले. मग मावशीकडे वळून, "काय बाई, शिकाऊ गाडी गर्दीत कशाला आणली? घरी भाजी चिरायची सोडून?"

"भाजी चिरूनच आलेय, साहेब," मावशी म्हणाली. तिला काही उद्धटपणा करायचा नव्हता. खरंच चिरून आली होती.

पलीकडे पंक्चरवाला हसला. माझ्या मते तिथेच बिनसलं.

साहेबांनी कागद पाहिले. कागद चोख होते. तरी घडी घालून त्यांनी ते स्वतःच्या खिशात टाकले. मावशी म्हणाली, "साहेब, ठेवून घेणार असाल तर पावती द्या. आणि तुमचं नाव कळेल का? पट्टी दिसत नाही." शब्द न् शब्द मी शिकवलेला. आवाजही मी सांगितला तसाच, खालच्या पट्टीतला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. गाडीला वळसा घालून ते माझ्या दाराशी आले. "हे तू शिकवतोस होय? मास्तर काय तू? उतर खाली!"

मी म्हटलं, "उतरतो साहेब. पण शिकणारं माणूस चाकावर आणि गाडी चालू असताना मला ही जागा सोडता येत नाही. आधी गाडी बंद करतो." माझा पाय माझ्या ब्रेकवर होता. त्यांनी दार उघडलं, माझी कॉलर धरली आणि मला बाहेर ओढलं. ब्रेकवरचा माझा पाय सुटला.

कॉलर धरलेल्या अवस्थेत मी त्या शिपायाकडे पाहिलं. माझं पाहणं साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला विचारलं, "काय रे, ओळखीचा आहे का?" शिपाई काय म्हणाला ते सध्या राहू दे.

मग त्या शिपायाने मावशीच्या काचेवर काठी आपटली. मावशी दचकली आणि तिने मी शिकवलं तेच केलं. दोन्ही पाय वर घेतले. शेजारची जागा रिकामी आहे हे तिच्या पायांना कुठून कळणार? क्लच सुटला तशी गाडीने उडी घेतली, मोटारसायकल आडवी पाडली आणि बंद पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

साहेबांनी मात्र लिहिलं, की कागद मागितल्याचा राग धरून बाईने त्यांच्या अंगावर गाडी घातली आणि ते समोरून उडी मारून वाचले. आता तूच सांग, माझ्या दाराशी माझी कॉलर धरून उभा असलेला माणूस गाडीच्या समोर कसा असेल? वळणावरचा कॅमेरा त्या दिवशी बंद होता म्हणे. आणि पंक्चरवाला म्हणतो, मी टायरात तोंड घालून होतो. मघाशी हसला तो टायरातूनच हसला असेल.

आता हे नाटक पुरे. हेल्मेट घातलेला तो शिपाई तू होतास. हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते, पण ते डोळे मी तू पाळण्यात होतास तेव्हापासून बघत आलोय. साहेबांनी विचारलं, ओळखीचा आहे का, आणि तू म्हणालास, "नाही, साहेब."

हे दोन शब्द लिहायला मला पत्राचा अर्धा भाग लागला.

ह्या शब्दांचा मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण तो गेला. सकाळी देवापुढे बसतो तेव्हा मनात जे उरतं तेच खरं असं मी मानतो, आणि तिथे हा राग उरला नाही. कॉलरचंही तेच. कॉलर धरणं चूक होतं, तसं मी लिहून दिलं आहे. बाकी शर्ट धुतला, इस्त्री केला, परवा घातलादेखील.

उरली ती मावशी. शाळेने तिला सांगितलं आहे, पोलिसाच्या अंगावर गाडी घातल्याचा आळ जोवर डोक्यावर आहे तोवर मुलांची बस तुमच्या हाती देता येणार नाही. त्यांचंही खोटं नाही. आळ सिद्ध झाला तर तिला लायसन्स तर नाहीच, पण दारात उभं राहायचं कामही जाईल. माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "मास्तर, माझं काय चुकलं तेवढं सांगा, म्हणजे पुन्हा करणार नाही." मी म्हटलं, काही चुकलं नाही. "मग असं कसं झालं?" ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्यातलं अर्धंच मी तिला दिलं.

वहिनीच्या फोनवर तू निरोप ठेवलास: दादाला म्हणावं गप्प बस, पाण्यात राहून माशाशी वैर नको, आपोआप थंड होईल, त्या बाईला काय, दुसरीकडे काम मिळेल. तुझी अडचण मला कळते. वर्षाचा शेरा ते साहेब लिहिणार, बदली त्यांच्या हातात, तुझ्या मुलांच्या शाळा इथे. मी तुझ्या जागी असतो तर मलाही घाम फुटला असता. पण धाकट्या, थंड कोण होईल? साहेब होतील, तू होशील. ती बाई कशी होईल?

चौकशीला नेमलेल्या अधिकारी बाई आहेत. गेल्या शुक्रवारी त्यांनी मला आणि मावशीला बोलावलं होतं. खोलीत एक टेबल, भिंतीला लागून बाक, आणि बोलायला लागलं की जोरात घरघरणारा पंखा. बाई कमी बोलतात आणि समोरच्याचं पूर्ण ऐकतात. मावशीने सांगितलं, काठी आपटणारा एक शिपाई होता, पण हेल्मेट होतं, चेहरा दिसला नाही. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी साहेबांबरोबर ज्याची ड्यूटी कागदावर आहे तो शिपाई तर म्हणतो, मी तिथे नव्हतोच. मास्तर, तुम्ही पाहिलं का त्याला?"

"पाहिलं."

"ओळखता?"

"ओळखतो."

"मग नाव सांगा." त्यांनी पेन उचललं.

मी म्हटलं, "सांगतो बाई. पण आधी त्याला एक पत्र लिहायचं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या आजवरच्या आयुष्यात असं मला कुणी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या, आणि मग हसल्या. "लिहा. पुढच्या शुक्रवारी या. पण मास्तर, पत्राला उत्तर आलं नाही तरी यायचं."

"येणार," मी म्हटलं.

बाहेर पडल्यावर मावशीने विचारलं, "मास्तर, कोण हो तो?" मी म्हटलं, शुक्रवारी कळेल. ती म्हणाली, "ओळखीचा असेल तर राहू द्या. माझ्यासाठी कुणाशी वाकडं घेऊ नका." त्या रात्रीची झोप ह्या एका वाक्याने घालवली माझी. जिच्यावर आळ आहे ती आपल्याला सोडून द्यायला निघाली आहे, आणि आपण सुटून जाणार?

आता एकच सांगायचं उरलं, आणि त्यासाठीच हे पत्र. गाडीने उडी का घेतली हे त्या सबंध रस्त्यावर दोनच माणसांना कळलं होतं. एक मी. माझं कोण ऐकणार, मी तर तिचा मास्तर. दुसरा तू. तू माझा सगळ्यात पहिला विद्यार्थी. तेव्हा स्कूलही नव्हतं, मी ज्यांच्याकडे कामाला होतो त्या मालकाची उसनी गाडी होती. तुला मी हाच धडा घोटून दिला होता, आणि कुत्रं भुंकलं तरी तू पाय वर घ्यायचास. तिचे पाय का उचलले गेले हे तुला त्याच क्षणी कळलं. गाडीने उडी घेतली तेव्हा मी तुझे डोळे पाहिले आहेत.

काठी तू का आपटलीस ते मला ठाऊक नाही. मला वाटतं, हँडब्रेक ओढ असं तिला सांगायचं असेल. मी तसंच धरून चाललो आहे.

शुक्रवारी मी नाव सांगणार आहे. माझं ठरलं आहे, त्यामुळे देवाकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही. तुझ्यासाठी थोडं मागितलं. काय ते सांगत नाही.

माझ्या तोंडून ते नाव निघालं तर त्या दालनात तू एक खोटं बोललेला शिपाई होशील. तुझ्या तोंडून निघालं तर साक्षीदार होशील. हा फरक फक्त शुक्रवारपर्यंत आहे. साहेब काय करतील ते करतील. आपण दोघांनी ह्याहून कठीण दिवस काढले आहेत आणि तेव्हाही उपाशी झोपलो नाही.

डॉक्टर आले. बाहेर भोंगा वाजवताहेत, तोही दुखऱ्या दाढेसारखा. थांबतो.

माझा भाऊ आहेस म्हणून आधी तुला सांगितलं. माझा भाऊ आहेस म्हणूनच सांगणार आहे.

दादा


दि. १२ मार्च, बुधवार

ती. दादा,

नमस्कार. पत्र सोमवारी मिळालं. पोस्टमन सही घेऊन गेला नाही, उलट मी पाकीट फोडेपर्यंत दारात उभा राहिला. मी त्याला हाकललं. हे उत्तरही त्याच्याच हाती देतोय, संध्याकाळपर्यंत तुला पोचवीन म्हणालाय.

तुझ्यासारखं लिहिता येत नाही. रिपोर्ट लिहून लिहून हात तसाच झालाय.

शुक्रवारी माझं नाव घ्यायची तुला गरज नाही. आज सकाळी मीच चौकशीच्या बाईंकडे गेलो. आधीचा जबाब खोटा आहे असं सांगितलं. मी तिथेच होतो, साहेब दाराशी होते, गाडीसमोर कुणी नव्हतं, मास्तर गाडी बंद करू द्या म्हणून सांगत होता, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, बाईंनी मुद्दाम गाडी घातली नाही हे इतकं खात्रीने कसं म्हणता? मी म्हटलं, तिला दचकल्यावर दोन्ही पाय वर घ्यायला शिकवलंय. मलाही तसंच शिकवलंय. कुणी? त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या मोठ्या भावाने.

त्या म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे पत्र तुम्हाला होतं."

जबाब लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यापुढे त्या बाईंवरचा आळ टिकेल असं मला वाटत नाही." मावशीला एवढं सांगून टाक. तिला झोप लागेल.

आता एक गोष्ट. तू लिहिलंस, काठी हँडब्रेकसाठी आपटली असेल. नाही, दादा. साहेबांनी विचारलं आणि मी नाही म्हणालो, आणि तू काहीच बोलला नाहीस. माझी लाज राखलीस. तुझ्या त्या गप्प राहण्याचा मला इतका संताप आला की कशावर तरी काठी आपटायलाच हवी होती. समोर काच होती आणि काचेआड ती बाई होती. हेही मी सांगितलं. चौकशीच्या बाई म्हणाल्या, एवढं लिहायलाच हवं असं नाही, तुमच्याच अंगाशी येईल. मी म्हटलं, लिहा.

दुपारी साहेबांना कळलं. उद्यापासून मी रस्त्यावर नाही, ठाण्यात बसायचंय. पुढचं पुढे. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी का नाही बोललात?

मावशीला माझ्याकडून काय सांगायचं ते मला सुचत नाही. तूही सांगू नकोस. मी स्वतः बोलेन.

शुक्रवारी बाहेरच्या बाकावर मी आधीच येऊन बसलेला असेन. वर्दीत, हेल्मेट न घालता. तू आलास की माझ्याशेजारी बस. मावशीलाही बसव. साहेब समोरून जातील आणि पुन्हा विचारतील, ओळखीचा आहे का. विचारू देत.

तुझा भाऊ